किलवणीची आते

गोव्यातल्या प्रत्येक घराचे एक तरी माणूस लांब कुठेतरी असतेच. कुणाचा काका कुवेतला, कुणाचा मामा बोटीवर, कुणाची मावशी गिरगावात. आमच्या शेजारी नाताळात लिस्बनहून चॉकलेटे यायची. आमचे माणूस किलवणीला होते. शाळेत मी हे सांगितले की पोरे विचारायची, "तें खंय आयलें?" सिल्वासाजवळ, असे उत्तर दिले की पुढचा प्रश्न ठरलेला. "सिल्वासा खंय?"

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्म १९३६ चा. २०२२ च्या पावसाळ्यात ती गेली. शहाऐंशी वर्षांतली पहिली सत्तावीस फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरात आणि उरलेली एकोणसाठ दादरा नगर हवेलीत. हिशेब केला तर ती आमची कमी आणि तिकडचीच जास्त.

ती गेली १९६३ साली. गोवा मुक्त होऊन दीडेक वर्ष झाले होते. बरीच वर्षे गोव्याचे नायब राज्यपालच हवेलीचेही प्रशासक असत, त्यामुळे तिकडच्या बातम्या पणजीच्या कचेऱ्यांत फिरत. तिथल्या एका नातलगाकडून घरी कळले की हवेलीत मराठी शिकवायला मास्तरणी हव्या आहेत. आतेने बेळगावला मामाकडे राहून मॅट्रिक केले होते. त्याआधी गावात मराठी शाळा आणि पोर्तुगीज 'सेगुंद ग्राव' दोन्ही झाले होते. अर्ज तिने स्वतःच लिहिला. आजोबांना सांगितले ते नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर. पणजीहून बोटीने मुंबई, मुंबई सेंट्रलवरून गाडीने वापी आणि तिथून मिळेल त्या वाहनाने पुढे. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि सोलांची बरणी.

लग्नाचे काय, असा प्रश्न वाचकांच्याही मनात आला असेल. दोन स्थळे आली होती, दोन्ही तिने नाकारली. अविवाहित बाईच्या मागे लोकांना एखादी दुःखी कहाणी लागतेच. आमच्या वाड्यावर तशा तीन प्रचलित होत्या आणि तिन्हींत नायक वेगवेगळा. मी मोठेपणी तिला एकदा सरळ विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला पगार आवडला." पुढे काही बोलली नाही. मला ते उत्तर पुरेसे वाटते.

हवेलीशी गोवेकरांचे नाते जुने आहे, पण आपल्यातल्या नव्या पिढीला ते फारसे माहीत नसते. आपल्याआधी सात वर्षे तो प्रदेश पोर्तुगिजांच्या हातून सुटला. १९५४ च्या २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. दादऱ्यात फ्रान्सिस मास्करेन्हस यांचे युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स पुढे होते. पुढच्या लढ्यात आझाद गोमंतक दल होते, संघाचे स्वयंसेवक होते, विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर होते आणि आपले बाबूजी, सुधीर फडकेसुद्धा. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला. त्याचा निकाल एप्रिल १९६० मध्ये लागला आणि ऑगस्ट १९६१ मध्ये हवेली रीतसर भारतात आली. आते पोहोचली तेव्हा हे सगळे ताजे होते. पण ज्यांच्या मुलांना ती शिकवायची, त्या वारली आणि कोकणा कुटुंबांच्या बोलण्यात यातले फार काही नसे. त्यांचे बोलणे जमिनीवर येऊन थांबायचे.

पहिली काही वर्षे तिची बदली खानवेल भागात आणि आणखी इकडे-तिकडे होत राहिली. मग किलवणीत खोली घेतली आणि ती तिथलीच झाली. शाळेत मराठी, बाजारात गुजराती, मुलांच्या घरी वारली आणि जुन्या कागदांवर पोर्तुगीज, असा तो मुलूख. शाळेत ती 'बाई', सिल्वासाच्या दुकानदारांची 'बेन', आमची आते. एका माणसाला एवढी नावे पुरेत, असे ती म्हणायची. पहिल्या वर्षी वर्गातली मुले तिच्याकडे नुसती बघत बसत. तिचे पुस्तकी मराठी त्यांना कळत नसे आणि त्यांची बोली हिला कळत नसे. तिने एका मुलीच्या आजीला गाठले आणि रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून वारली शब्द शिकली. फी म्हणून आजीला चहा-साखर.

पोर्तुगीजचे मात्र नवलच झाले. गोव्यात सक्तीने शिकलेली ती भाषा मुक्तीनंतर टाकून द्यायची, असे आमच्या घरात ठरले होते. किलवणीत तीच तिच्या सर्वांत जास्त कामाला आली. हवेलीत पोर्तुगीज अमलात 'अल्वारा' नावाची पद्धत होती. १९१९ च्या त्यांच्या शेतकी कायद्याखाली सरकार काही अटींवर जमिनी देई. मोठमोठे तुकडे मालकांच्या नावावर आणि कसणारा आदिवासी कागदावर कुठेच नाही. १९७१ च्या जमीन सुधारणा नियमनाने हे मोडायचे ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत त्याचा अंमल सुरू झाला. आता कोण कुठली जमीन कधीपासून कसतो, ते सांगायची वेळ आली. लोक घरातल्या घड्या घातलेल्या पोर्तुगीज पावत्या, चिठ्ठ्या, दाखले घेऊन निघाले. कुणी पत्र्याच्या डबीत, कुणी पोकळ बांबूत ठेवलेले. ते वाचणार कोण? कुणीतरी म्हणाले, ती गोव्याची बाई वाचते.

मग शाळा सुटल्यावर ओट्यावर रांग लागू लागली. बाई वाचायची, मोठ्याने मराठीत सांगायची, लागलाच तर अर्ज लिहून द्यायची. पैसे घेत नसे, पण कुणी भोपळा, कुणी नागली (आपली नाचणी) ठेवून गेले तर नाही म्हणत नसे. काही कागद निव्वळ निरुपयोगी निघत. एकाने वडिलांच्या वेळचा जमिनीचा कागद म्हणून तीस वर्षे जपलेला कागद गुरांच्या दंडाचा निघाला. तेही तिने त्याला खरे ते सांगितले. त्यातून किती जणांची नावे लागली, याचा हिशेब तिने ठेवला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाली, कागद वाचणे माझे काम, जमीन देणे कचेरीचे.

मी पहिल्यांदा गेलो १९८९ च्या मे महिन्यात, दहा वर्षांचा असताना. वापी स्टेशनवर उतरल्या उतरल्या नाकात शिरलेला कारखान्यांचा वास अजून आठवतो. वापी गुजरातेत, तिथे दारूबंदी, आणि हवेलीच्या हद्दीत पाऊल टाकताच दोन्ही बाजूंना बार! बाबा हसून म्हणाले, पोहोचलो बघ घरी. आतेचे घर दोन खोल्यांचे, कौलारू, दारात तुळस आणि गोव्याहून नेलेली अबोली. भिंत बघून मी थबकलो. ती गेरूने सारवलेली होती आणि तांदळाच्या पिठाने तिच्यावर माणसे काढली होती, तारप्याभोवती गोल नाचणारी, भात लावणारी. घर बांधले तेव्हा शेजारणींनी काढून दिली होती. वारल्यांत लग्नघरी सवाष्णी भिंतीवर देवचौक काढतात. आतेच्या घरी लग्न नव्हते, म्हणून चौक नाही. पण भिंत कोरी ठेवायची नाही, हे त्यांनीच ठरवले. एका कोपऱ्यात छत्री घेतलेली बाई होती. ती कोण, ते मला कुणी सांगावे लागले नाही.

आता जरा अवघड गोष्ट. आजोबा १९७८ साली वारले. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायदा राहिला, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांचा वाटा सारखा. या गोष्टीचा आपण बाहेर फार अभिमान मिरवतो. घरात काय होते, ते मी रोज बघतो. मामलेदार कचेरीत कारकून आहे, टेबलावर तेच कागद येतात. बहिणी येतात, सही करून हक्क सोडतात, भाऊ बाहेर चहा पाजतात. बहुतेकींनी कागद वाचलेलाच नसतो. १९८३ च्या मे महिन्यात आते सुट्टीला आली तेव्हा काकांनी तसाच एक मसुदा तिच्यापुढे ठेवला. त्यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मूल नाही, बाळ नाही, राहतेही तिकडे. हा प्रसंग मी आजीकडून अनेकदा ऐकला. आतेने चष्मा लावला, मसुदा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचला आणि घडी करून परत दिला. "जमीन तुमीच कसात. म्हजें नांव मात काडूं नाकात."

काका दोन वर्षे तिच्याशी बोलले नाहीत. वाड्यावर चर्चा झाली की पगार असून हाव सुटत नाही. तिने त्या बागायतीतला एक नारळ कधी मागितला नाही. उलट आजीच्या औषधाची मनिऑर्डर दर महिन्याला किलवणीहून यायची. बाबा तिच्या बाजूने होते, पण ही बाजू त्यांना फार समजली होती असे मला वाटत नाही. माझा तर्क असा की, ज्या बाईने वर्षानुवर्षे नाव नसलेल्या माणसांचे कागद वाचले, ती स्वतःचे नाव आपल्या हाताने कशी खोडणार?

१९९४ साली ती निवृत्त झाली तेव्हा बाबा तिला आणायला गेले आणि एकटे परत आले. पुढे कोकण रेल्वे झाली, फोन आले, आमचा आग्रह वाढत गेला आणि तिचे नाही तसेच राहिले. तोवर किलवणीभोवतालचा मुलूखही ओळखू येईनासा झाला होता. करसवलतींमुळे धाग्याचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने आले, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशचे कामगार आले, त्यांच्यासाठी चाळी उठल्या. १९६१ मध्ये साऱ्या प्रदेशाची वस्ती ५७,९६३ होती, २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. तिच्या ओट्यावर शेजारी 'बाहेरच्यां'बद्दल बोलू लागले, जसे आपण इकडे 'भायल्यां'बद्दल बोलतो. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, मीही बाहेरचीच रे. त्यावर ते मनापासून रागवत. बाई कशी बाहेरची? एका ओडिया कामगाराच्या दोन मुलींना ती वयाच्या पंच्याहत्तरीत बाराखडी शिकवत होती.

ती गेली तेव्हा पाऊस असा होता की आम्ही पोहोचेपर्यंत सगळे आटोपले होते. अग्नी दिला तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. शेवटची आठ वर्षे तीच तिचे करत होती. घर आतेने तिच्याच नावे करून ठेवले होते. कागद चोख, दोन साक्षीदार, सगळ्या तारखा बरोबर. काकांच्या मुलाने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि काही बोलला नाही. आमच्या बागायतीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, कब्जेदारांच्या रकान्यात, तिचे नाव अजून आहे. आता वारस म्हणून आमची नावे लावायची तर लागतील. बाबा म्हणतात, घाई कशाला.

बाराव्या दिवशी आम्ही निघायच्या तयारीत होतो. एक म्हातारा गृहस्थ भिजत आला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. बाई गेल्याचे त्याला माहीत नव्हते. विद्यार्थिनीने सांगितले तेव्हा तो ओट्यावर बसून राहिला. मग मला विचारले, तुम्ही गोव्याचे ना, तुम्हाला येते? मला पोर्तुगीज येत नाही. मी मोबाइलवर कागदाचा फोटो घेतला आणि मडगावच्या एका वयस्क वकिलांना दाखवला. १९४९ सालची सारा भरल्याची पावती होती. आज कशालाही उपयोगाची नाही, असे वकील म्हणाले. मी तिच्या चार ओळी मराठीत उतरवल्या, खाली त्याच्या आजोबांचे नाव पावतीत होते तसे लिहिले आणि रजिस्टर पोस्टाने किलवणीला पाठवले.