भंडाऱ्याकडील तळी आणि तेथील संसार

पश्चिम महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांस भंडारा हे नाव हावड्याच्या गाडीतून दिसलेले एक स्टेशन एवढेच ठाऊक असावे. ते स्टेशनही वस्तुतः शहरात नसून वरठीस आहे. तेव्हा गाडीतून जाणाऱ्यास भंडारा दिसतच नाही, असे म्हणण्यास हरकत नाही. नागपूरच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरांवर, वैनगंगेच्या काठी हे शहर वसले असून पितळी भांड्यांकरिता त्याचा पूर्वापार लौकिक आहे. १९९९ साली गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून जिल्ह्याचा विस्तार आटोपशीर झाला आहे.

या प्रांताचे खरे वैभव मात्र त्याच्या तळ्यांत आहे. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी लोकांनी ती बांधली. जमिनीचा उतार पाहून अशा बेताने पाळी घातल्या की, एका तळ्याचे जादा पाणी खालच्या तळ्यास मिळावे. तुडुम उघडले की पाणी बांध्यांत उतरते आणि त्यावर धान पिकते. आषाढात रोवणीस आरंभ झाला म्हणजे घरी कोणी सापडावयाचे नाही; भेटीस जाणाऱ्याने दिवस मावळल्यावरच जावे. धान निघाले की त्याच ओलीवर लाखोरी येते. पुढे दंडारीचे खेळ रंगतात, आणि झाडीबोलीचा तो ठसका ऐकला म्हणजे पुणेरी कानांस प्रथम नवल व मागाहून गोडी वाटते. सोयरीक ठरविताना ‘भंडाऱ्याकडची’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मंडळींनी हे एकदा ऐकावे, अशी आमची सूचना आहे.

१९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. वेठबिगारीचा जाच ज्यांनी सोसला होता त्यांना तिचे दुःख वाटण्याचे कारण नव्हते, व आम्हांसही ते वाटत नाही. परंतु तळी सरकारच्या मालकीची झाली आणि पाळीची डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न अधांतरी राहिला. गाळ साचला, पुष्कळ ठिकाणी बेशरमाच्या झुडपांनी काठ व्यापला, मासे कमी झाले, आणि त्यावर पोट असणाऱ्या ढीवर कुटुंबांस मजुरीकरिता बाहेर पडावे लागले. अलीकडे भंडारा-गोंदियाकडील काही गावांत ढीवर स्त्रियांनीच हे बेशरम उपटून तळ्यात मूळच्या पाणवनस्पती लावण्याचे काम अंगावर घेतले आहे. आमच्या मते, कित्येक मोठ्या योजनांहून हे काम अधिक शहाणपणाचे आहे.

मोठी योजनाही येथे आहेच. पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. पवनी म्हणजे तेच प्राचीन नगर, जेथे १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले. धरणाने शेतांस पाणी देऊ केले खरे, पण नदीकाठची कित्येक गावे त्याच पाण्याखाली गेली. नव्या वसाहतींत घरे मिळाली. जुन्या गावाची आखर, देवस्थान आणि आपले तळे मात्र कोणास बरोबर नेता आले नाही.