थांबण्याची खात्री

आमचे उजवे मनगट एकदा मोडून जुळले आहे. पण मोटरसायकलची मूठ तासभर पिळून धरली की बोटे बधिर होतात. दर पंधरवड्याला मुलुंडहून नाशिकला आईकडे जायचे, तर मुठीवरचा भार उतरवणे तरी भाग होते किंवा वडिलांच्या हातची ही गाडी विकणे तरी. विकणे जिवावर आले. म्हणून आत्येभावाने परदेशातून आणलेला, मूळचा चारचाकींसाठीचा क्रूझ कंट्रोलचा संच आम्ही तिला बसवून घेतला. द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकीला मज्जाव असताना ही चैन कशाला, हा सौभाग्यवतींचा प्रश्न आम्ही ऐकून न ऐकल्यासारखा केला.

घाटकोपरच्या मिस्त्रींनी काम नेटके केले. इंजिन हवा ओढते, त्या ओढीवर संचातला पडदा हलतो आणि थ्रॉटलची तार खेचतो. एका सिलिंडरची ओढ धापा टाकत येते, म्हणून मध्ये एकदिशा झडप आणि रिकामा डबा बसवला. चाकावरचे चुंबक वेग कळवते. इतके करूनही पडघ्यापुढच्या मोकळ्या रस्त्यावर कळ दाबली, तर काहीच घडले नाही.

चार रविवार फ्यूज, नळ्या, चुंबकाचे अंतर तपासण्यात गेले. अखेर माहितीपत्रकातल्या एका ओळीपाशी अडखळलो. संचाची एक तार ब्रेकच्या दिव्याला जोडलेली असते आणि ब्रेक सुटा असताना तिला दिव्याच्या तंतूतून अर्थ मिळावी लागते. दिवाळीत हौसेने आम्ही तिथे एलईडी बसवला होता! त्यातून तशी वाट मिळत नाही. ब्रेकची खबर आपल्यापर्यंत पोहोचेल याची शाश्वती नाही, म्हणून संच चालूच होत नव्हता. ज्याला आम्ही बिघाड समजत होतो, तो त्याचा विवेक होता.

"साहेब, ती तार कायमची बॉडीला अर्थ करून देतो, लगेच चालेल," मिस्त्री म्हणाले. चालले असते खरे. पण मग ब्रेक दाबल्याचे त्या तारेतून संचाला कधीच कळले नसते. रिले लावण्याचाही मार्ग होता. परंतु त्याची कॉइल जळाली, तर संचाला सारे आलबेलच दिसणार.

क्रूझ कंट्रोल शोधणारे अमेरिकन अभियंते राल्फ टीटर यांची दृष्टी वयाच्या पाचव्या वर्षी गेली होती. बोलण्याच्या नादात वेग कमीजास्त करणाऱ्या वकिलाशेजारी बसून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९५० साली पेटंट मिळाले. १९५८ साली क्रायस्लरच्या मोटारींत ते आले. हे वाचताना जाणवले, की स्वतःचा ब्रेकचा दिवा तर आम्हालाही कधी दिसत नाही. चालवणाऱ्याच्या पाठीमागे तो पेटतो.

आम्ही जुना तंतूचा दिवा पुन्हा बसवला. पुढच्या रविवारी शहापूरच्या अलीकडे कळ दाबली आणि वेग धरला गेला. हात मुठीवर होता, पण पीळ नव्हता. ब्रेकला जरा स्पर्श करताच ओढ सुटली. कसाऱ्याच्या घाटात अर्थातच मूठ पुन्हा आमच्या हाती घेतली.

आता तो दिवा कधी गेला, तर संच अडून बसेल आणि आम्हाला खाली उतरून मागे पाहावे लागेल. नाशिकला तेवढा उशीर झालेला आईला चालतो.