मागे फिरणारी धार

ग्वारीघाटावर सायंकाळची आरती आटोपली की भाविक द्रोणांतले दिवे नर्मदेत सोडतात. धारेला लागलेला दिवा पुढे निघून जातो; मात्र पायऱ्यांच्या आडोशाला एखादा भोवऱ्यात सापडून मागे फिरतो. जबलपुरात सारी नोकरी केलेले एक निवृत्त मराठी शिक्षक अलीकडे या मागे फिरणाऱ्या दिव्यांकडेच पाहत बसत. त्यांच्या हृदयाची द्विदल झडप गळत होती. डाव्या जवनिकेतून महारोहिणीत जायचे रक्त काही अंशी कर्णिकेत परतत होते. तरी त्यांचा प्रश्न होता : काही त्रासच नाही, तर छाती का उघडायची?

ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपण्याची विद्या १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी आरंभली. त्यांचे उपकरण मुळात धातूतील दोष शोधण्यासाठी घडविलेले होते. पुढे डॉप्लर तत्त्वाने रक्ताची दिशाही रंगांत दिसू लागली.

येथे आकडा मात्र फसवा असतो. दर ठोक्याला जवनिका किती टक्के रक्त बाहेर टाकते, ते प्रमाण गळत्या झडपेत चांगलेच दिसते. कारण मागची वाट तिला सोपी असते. म्हणूनच गळती तीव्र असता हे प्रमाण ६० टक्क्यांवर उतरले, किंवा आकुंचनानंतरही जवनिकेचा व्यास ४० मिलिमीटर भरला, की लक्षणांची वाट न पाहता शस्त्रक्रिया सुचवितात. शिक्षकांचे आकडे ५८ आणि ४१ होते.

झडपेच्या मागच्या पाळीचा एक तंतू तुटला आहे, हेही चित्राने दाखविले. अशी झडप बहुधा दुरुस्त करता येते. धातूची बसवून जन्मभर रक्त पातळ ठेवण्याची औषधे घ्यावी लागत नाहीत. दुरुस्तीनंतर हृदय पुन्हा धडधडू लागले की छाती मिटण्यापूर्वीच अन्ननलिकेत उतरविलेल्या शोधकाने गळती राहिली का ते पाहतात.

साहित्यातील प्रतिमा अनुभवाला अर्थ देते. ही प्रतिमा अनुभवालाच खोटे ठरवीत होती. माणसाने कोणावर विश्वास ठेवावा?

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांनी पत्नीला विचारले, "घाट चढताना मी थांबत असे का गं?"

"अहो, दोन वर्षे झाली," त्या म्हणाल्या, "तुम्हांला कळू नये म्हणून मीच आधी थांबत होते."

त्यांनी सही केली.