डब्याचे दुसरे भोक

घासलेटचा चौकोनी डबा कसा फोडावा हे मला आजीने शिकविले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. रेवदंड्याच्या घरी पडवीत बसून मी डब्याच्या एका कोपऱ्याला खिळ्याने भोक पाडले आणि डबा वाकविला. तेल भसकन आले, थांबले, डबा आतल्या आत गुडगुडला आणि पुढची धार बाटलीत न पडता माझ्या पायावर पडली. आजी आतून ओरडली, “अरे मेल्या, दुसरं भोक कोण पाडणार? वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येईल कसं?” समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडताच धार सुतासारखी सरळ झाली.

कोकणात आपल्या लोकांना शनवार तेली म्हणत, हे वाचकांना सांगावयास नको. अशा घरात जन्मून मला ही गोष्ट सांगावी लागली, याचे आजीला फार वाईट वाटले. पुढे मी मुंबईला मोटारीच्या कामाची उमेदवारी केली, १९६६ साली इस्राएलला आलो, दिमोनात स्थायिक झालो आणि चाळीस वर्षे मुसाखमध्ये काढली. म्हणजे तेल काही सुटले नाही. घाणा गेला आणि पेट्रोल आले, एवढेच.

२०१४ सालच्या जानेवारीत बेएर-शेव्याहून भाच्याचा फोन आला. आमच्या आक्काचा हा धाकटा. मराठी बोलतो, पण चार शब्दांमागे दोन हिब्रू. म्हणाला, “मामा, जीप मरते. वीस मिनिटं चालते आणि मरते. थोडा वेळ उभी केली की परत चालू. पंप दोनदा बदलला.”

या जीपची हकीकत मला ठाऊक होती. जुनी सी. जे. ५, साठच्या दशकातली. तिचे चार सिलिंडरचे मूळ इंजिन पार थकले होते, म्हणून त्याने अपघातात मोडलेल्या १९९३ सालच्या रँग्लरचे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन तिच्यात बसविले. परवान्याच्या कागदावर इंजिन बदलल्याची नोंद वगैरे त्याने रीतसर केली. मला वाटले होते, पोरगा तेवढेच विसरेल. जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते. ती गंजून चाळण झाली होती, तेव्हा त्याने एका वेल्डरकडून पत्र्याची नवी टाकी करवून मागच्या बाजूला बसविली. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद, पंचवीस उंच, म्हणजे बरोबर साठ लिटर.

मी विचारले, “मेली की टाकीचं झाकण उघडून पाहिलंस? आवाज येतो?”

“येतो. फुस्स करतो.”

“बाहेर की आत?”

तो गप्प झाला. याचा विचार त्याने केला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “आत, मामा. वारा आत ओढते. आणि आणखी एक. गेल्या आठवड्यात यम हमेलाखला मुक्काम केला होता. आज पाहतो तर टाकीचा माथा परातीसारखा खोल गेलाय.”

मी मनात म्हटले, आजी, तुझ्या पणतवाने एकच भोक पाडले आहे.

घोटाळा कसा झाला तो सांगतो, कारण इंजिन बदलणारे पुष्कळजण हीच चूक करतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला टाकीतून एक नळी पुरते. इंजिनावरचा छोटा पंप तीन-चार पौंडांच्या दाबाने लागेल तेवढेच पेट्रोल ओढतो. भाच्याच्या नव्या इंजिनाचा कारभार निराळा. त्याला एकोणचाळीस पौंडांपर्यंत दाब लागतो. विजेचा पंप भराभर पेट्रोल पाठवीत राहतो, इंजिन आपल्यापुरते घेते आणि उरलेले सगळे टाकीत परत पाठविते. म्हणजे परतीची दुसरी नळी आली. वेल्डरने मात्र जुन्या पद्धतीने दोनच निपल ठेवले होते: एक पेट्रोल जाण्याचे, एक माथ्यावर हवेचे. भाच्याने पाहिले, आपल्याजवळ नळ्या दोन आणि निपलही दोन. हिशेब जमला! परतीची नळी त्याने हवेच्या निपलाला जोडली आणि वर नवे घट्ट झाकण लावले.

आता एक लिटर पेट्रोल जळले की टाकीत एक लिटर हवा यावयास हवी. ती येणार कोठून? आत ओढ निर्माण होते, पंप त्या ओढीशी झगडतो आणि शेवटी हार खातो. बिचाऱ्या पंपाचा दोष नव्हताच. त्यात हा गृहस्थ जीप घेऊन मृत समुद्राला उतरला. तो समुद्रसपाटीखाली चारशे तीस मीटरच्याही खाली. वरच्या पठारावरून, आमच्या दिमोनासारख्या साडेपाचशे मीटर उंचीच्या ठिकाणाहून उतरले तर जवळजवळ हजार मीटरचा फरक पडतो आणि बाहेरच्या हवेचा दाब सुमारे एक दशांशाने वाढतो. एक दशांश म्हणजे काहीच नाही असे वाटते ना? टाकीच्या माथ्याचे क्षेत्रफळ दोन हजार चारशे चौरस सेंटिमीटर. प्रत्येकावर शंभर ग्रॅम धरा. दोनशे चाळीस किलो झाले. तीन धडधाकट माणसे टाकीवर चढून बसल्यासारखेच. त्यात जानेवारीची थंड रात्र. उन्हाळा असता तर आतल्या वाफेने थोडे तरी सावरून धरले असते. पत्रा पोचला नसता तरच नवल.

शुक्रवार सोडून ये, असे मी त्याला बजावले. का ते पुढे कळेल. तो रविवारी आला.

पेट्रोलची टाकी रिकामी केली तरी वेल्डिंगसाठी रिकामी होत नाही. भरलेलीपेक्षा रिकामी जास्त वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. तेव्हा मी टाकीला हात लावू दिला नाही. काट्याच्या फ्लोटचे तळहाताएवढे झाकण स्क्रूंनी बसविलेले होते, ते काढून आम्ही घराच्या दुसऱ्या बाजूस नेले, धुतले आणि त्यात दोन भोके पाडून दोन निपल नटाने घट्ट केले, खाली पेट्रोलला टिकणारे वॉशर घालून. एकातून परतीची नळी आत थेट तळापर्यंत सोडली. वरून धार पडली तर पेट्रोल फेसाळते, आणि मग पंप हवा पितो. दुसऱ्या निपलातून नळी काढून भरण्याच्या गळ्याला वरच्या अंगास जोडली. पेट्रोल भरताना आतली हवा तिच्यातून बाहेर येते. ती नसली तर पंपावर नोझल खटाखट बंद पडते आणि मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवू लागते. पंप टाकीच्या पातळीच्या खाली घेतला, कारण हे पंप ढकलण्यात पटाईत असतात, ओढण्यात नव्हे. दाबाच्या बाजूला इंजेक्शनचीच जाड नळी. जुन्या कार्ब्युरेटरची नळी तेथे घालणे म्हणजे फुटण्याची वाट पाहणे.

माथ्यावरचे निपल आता मोकळे झाले. ही टाकीची श्वासनळी. तिच्यावर जीप उलटली तर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसविला. तेथून नळी कोठे न्यावी यावर आमचे वाजले. भाचा म्हणाला, “मामा, हवाच तर आत घ्यायची आहे. सीटमागे सोडून देतो. जीप उघडीच आहे.”

मी पाना खाली ठेवला. म्हटले, “चहा कर.”

चहा पिताना मी त्याला १९८१ सालची गोष्ट सांगितली. त्याचे वडील, आमचे भावोजी, जुन्या पिक-अपवर माल पोचविण्याचे काम करीत. त्या गाडीचे इंजिन मी बदलले आणि सीटमागची गंजलेली टाकी काढून दुसऱ्या गाडीची बसविली. महिना जुलैचा, वार शुक्रवार, दुपारचे दोन वाजून गेलेले, दुकाने बंद. हवेची नळी जमिनीच्या भोकातून खाली सोडावयाची, पण ती तोकडी पडली. शब्बाथ जवळ आला होता. मी नळीचे टोक सीटमागेच ठेवले आणि भावोजींना म्हणालो, रविवारी लांब नळी घालीन, तोवर काही होत नाही.

त्यांनी येताना टाकी काठोकाठ भरली होती. पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग फुगते. जमिनीखालच्या थंड टाकीतले पेट्रोल आणि उन्हात तापलेली गाडी, पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. साठ लिटरमागे दीड लिटर. ते जाणार कोठे? टाकी श्वास घेते तशी सोडतेही, आणि हे मी, शिकलेला कारागीर, विसरलो. दोन दिवस काचा बंद. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली साठते. हवेत शेकडा दीड ते साडेसात भाग झाली की ठिणगीची वाट पाहते. रविवारी पहाटे भावोजी बसले, आणि त्यांना सिगारेटची सवय होती.

दोन्ही हात आणि भुवया भाजल्या. तीन आठवडे इस्पितळात होते. उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी पुरी मिटली नाहीत. मला ते एवढेच म्हणाले, “तू घाईत होतास.” आक्का मात्र वर्षभर माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते बरे वाटले. भावोजींच्या न रागावण्यापेक्षा ते सोसणे सोपे होते. १९९९ साली ते गेले. तोवर दर सणाला मला हात मिळवीत, त्याच हाताने.

भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. वडिलांचे हात भाजले एवढे त्याला ठाऊक, कोणाच्या कामामुळे ते ठाऊक नव्हते. तो बराच वेळ कप फिरवीत राहिला. मग त्याने विचारले, “नळी किती कमी पडली होती?”

“दीड हात.”

तो उठला, गाडी काढली आणि दुकानातून लागणार होती त्याहून दोन मीटर जास्त नळी घेऊन आला. किंमत मी विचारली नाही.

ती नळी आम्ही टाकीच्या माथ्यापासून चढती नेली, भरण्याच्या तोंडाहूनही उंच, आणि मग चौकटीला धरून पुढे. वाटेत कोठेही झोळ राहू दिला नाही. झोळात पेट्रोल साठले की नळी बंद झालीच समजा, आणि पुन्हा आजीचा गुडगुडणारा डबा. एक्झॉस्टपासून वीतभर लांब ठेवली. पुढे इंजिनाजवळ रँग्लरचाच कोळशाचा डबा बसविला. अमेरिकेत १९७१ पासून गाड्यांना हा डबा आहे. टाकीची वाफ कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू झाले की ती ओढून जाळतो. टाकीला हवा हवी असेल तर तीही याच वाटेने येते. भाच्याने तो आधी अडगळ म्हणून फेकून दिला होता. नशिबाने कचऱ्यात नव्हे, गच्चीवर. पोचलेला माथा तसाच राहू दिला. गळती नव्हती.

मग पंपावर जाऊन टाकी भरली. नोझल एकदाही अडकले नाही. झाकण उघडून पाहिले, ना आत ना बाहेर आवाज. पुढल्या आठवड्यात मृत समुद्रापर्यंत उतरून परत चढून आलो. मध्ये जीप कोठे मेली नाही. जुलैमध्ये पुन्हा एकदा सगळी नळी तपासली, कारण खरी परीक्षा तेव्हाच.

जुलैच्याच एका संध्याकाळी भाचा आक्काला जीपमधून माझ्याकडे घेऊन आला. परत जाताना मी तिला हात धरून चढविले. बसण्यापूर्वी ती सीटच्या पाठीवर वाकली आणि मागच्या बाजूला नाक लावून वास घेतला, एकदा, मग आणखी एकदा. पदर सारखा केला आणि बसली. भाच्याला म्हणाली, “चल.”