एका यंत्रात दोन वास

कोल्हापूर,
६ एप्रिल

चि. सोनू,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "मावशी, कॉफीसाठी ग्राइंडर घेतेय, चटणीपण त्यातच करीन. यंदा तुला डंकावर जायला नको." फोन ठेवला आणि माझं कशात लक्ष लागेना. माझ्या कमरेच्या काळजीपोटी बोललीस, हे कळतं गं. पण त्या एका वाक्यात तू कॉफीही घालवलीस आणि चटणीही.

आधी कॉफीचं, कारण ग्राइंडर घेतेस तो तिच्यासाठी. पात्याचा ग्राइंडर घेऊ नकोस. त्यात बिया दळल्या जात नाहीत, तुटतात. काही पीठ होतं, काही कण्या राहतात. पीठ कडवट उतरतं, कण्यांचा अर्क अर्धवट उतरून आंबूस लागतो, आणि दोन्ही एकाच कपात. दुकानात 'बर' ग्राइंडर माग. त्यात जात्यासारख्या दोन दातेरी चकत्या असतात आणि मधली फट कमी-जास्त करता येते. तुम्ही दोघंच पिणार, तेव्हा हाताने फिरवायचा, पोलादी दातांचा पुरे. आपल्या पितळी फिल्टरला मध्यम-बारीक दळ. फार बारीक केलीस तर डिकॉक्शन थेंबभरही खाली उतरणार नाही. आणि चिकोरी घातलेली तयार पूडच आणणार असशील, तर ग्राइंडर घेऊच नकोस, पैसे वाचव.

चिकमंगळूरच्या घरातलं ते लाकडी पेटीचं यंत्र आठवतं ना? खालच्या खणातली पूड कोण काढणार, यावरून तू आणि दादा हातघाईवर यायचात. काकांनी त्याचा वरचा नट कधी कुणाला हलवू दिला नाही. येमेनहून आणलेल्या सात बिया बाबा बुडन यांनी ज्या डोंगरावर लावल्या असं तिथले लोक सांगतात, त्या डोंगराच्या पायथ्याशी तुझं बालपण गेलं. त्या पोरीने कॉफीच्या यंत्रात मिरची घालायची?

मिरचीचा तिखटपणा तेलात मुरणारा, तो नुसत्या पाण्याने जात नाही. आणि त्या चकत्यांना तर पाणी लावायचंच नसतं, कोरड्या ब्रशने झाडायच्या. खोबरं-तीळ त्यात गेले की दाते चोंदलेच म्हणून समज. मग सकाळी दुधात जायफळ उगाळून घातलंस तरी घशाला ठसका लागेल.

मिक्सरचंही नाव काढू नकोस. पातं जोरात फिरतं, भांडं तापतं, खोबऱ्याचं तेल सुटून गोळा होतो आणि रंग काळवंडतो. डंकावर मुसळ वरून पडतं आणि उठतं, मसाला तापायच्या आत हलतो. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. आधी मिरच्या कुटून चाळायच्या, मग भाजलेले धणे, तीळ, खसखस, दगडफूल, आणि शेवटी तळलेला कांदा नि लसूण. लसूण पडला की डंकावरचा वास एकदम फिरतो, नाकाला पदर लावून बसलेल्या बायकाही मान वर करतात. तिथंच बसून मीठ बघावं लागतं. हे काम घरात चिमटी-चिमटीने होत नाही आणि मला ते जडही नाही. पाऊस लागायच्या आत मी जाणार, तुझ्या वाटणीचंही कुटून आणणार. तू बरणी धुऊन कडकडीत उन्हात वाळव. ओला चमचा घालशील तर बुरशी येईल, गेल्या वर्षी आली होती तशी.

आता खरं सांगते. ग्राइंडरपेक्षा मला दुसरंच लागून राहिलंय. बोलता बोलता तू म्हणालीस, रात्री अकरालाही ताजी दळून घेता येईल. अकराला कॉफी कशाला गं? झोपतेस कधी? आणि जेवणाला जोडून कॉफी घेतेस ती आधी थांबव. अन्नातलं लोह त्याने नीट अंगी लागत नाही, आणि तुझं हिमोग्लोबिन मागच्या वेळी किती होतं ते मला माहीत आहे. जेवण आणि कॉफी यांत तासाभराचं तरी अंतर ठेव. गोळ्या संपल्या असतील तर डॉक्टरांना विचारून पुन्हा रक्त तपास आणि आकडा मला कळव. ताईला यातलं काही बोललेले नाही, पण रविवारपर्यंत तुझा फोन आला नाही तर बोलेन.

तुझी,
मावशी