पाण्याची पारख

भाद्रपदात पावसाने चार दिवस उघडीप दिली की आपल्या आसपास किती पाणी उभं आहे ते नीट दिसू लागतं. तलाव, धरण, नदी ही नावाजलेली पाणी. पण रस्त्याकडेच्या चरातलं, बांधकामासाठी खणून ठेवलेल्या खड्ड्यातलं, भातखाचरातलं, शेततळ्यातलं, गच्चीवर तुंबलेलं, कोकणातल्या सड्यावर कातळाच्या खळग्यात साठलेलं, अशी बेवारस पाणीही असतात. माणूस ती ओलांडून जातो, फार तर पँटचे पाय वर धरतो. चतुर मात्र प्रत्येक पाण्याची दखल घेतो. शिवाय ज्याचं पाणी त्याला ठरलेलं. म्हणून चतुरांच्या नादी लागलेला माणूस काही दिवसांनी पाणी वाचायला लागतो.

सुरुवात सोपी असते. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर, पाठीवर मिटून घेते ती टाचणी. पंख उघडे ठेवून बसणाऱ्याही काही टाचण्या आहेत, म्हणून डोळेही पाहावेत. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब असतात. बहुतेक चतुरांचे मात्र माथ्यावर एकमेकांना भिडलेले. अशा एका डोळ्यात हजारो नेत्रिका असतात, काही जातींत तीस हजारांच्या घरात. तेव्हा आपण दबकत चाललो आहोत ही समजूत आपली आपल्यापाशी. सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही आणि उडाला तर पाठलाग करायचा नाही. चतुर नराला आपली हद्द आणि आपली काडी प्यारी असते. घिरटी घालून तो बहुधा तिथेच येऊन बसतो. दुर्बीण असेल तर उत्तम, पण वेळ दहानंतरची हवी. यांना ऊन चढल्याशिवाय उत्साह येत नाही. फारच तापलं की काही जाती शेपूट सरळ आभाळाकडे उभारतात. सूर्य डोक्यावर असताना अंगावर ऊन कमीत कमी पडावं, एवढाच त्या शीर्षासनाचा हेतू.

नाल्यापासून सुरुवात करावी. जिथे नाकाला रुमाल लावावा लागतो, तिथेच नारिंगी पंखांचा ठेंगणा ‘डिच ज्वेल’ गवताच्या पात्यापात्यावर बसलेला सापडतो. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘कंटॅमिनाटा’ आहे आणि घाण पाणी त्याला चालतं. एखाद्या तळ्यावर तोच तो दिसत राहिला आणि दुसरं फारसं कोणी फिरकेना, तर त्या पाण्यात सांडपाणी येत असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल मागाहून येईल.

सिमेंटच्या टाकीवर आणि विहिरीच्या कठड्यावर ‘ग्रॅनाइट घोस्ट’ असतो. करड्या अंगावर काळेपांढरे ठिपके, आणि भिंतीला असा चिकटून बसतो की तो उडाल्यावरच इथे कोणी होतं हे कळतं. त्याला झाड-झुडूप काही लागत नाही. टाकीतल्या पाण्यावर त्याचा वंश चालतो. याच कुळातली एक नवी जात 2020 साली कोकणातून नोंदली गेली, ‘ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस’.

भातखाचरात पंखांवर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा ‘पाइड पॅडी स्किमर’ रोपांवरून तरंगत असतो. दलदलीवर पिवळ्याकाळ्या पंखांचा ‘पिक्चर विंग’ दिसला की नवखा माणूस फुलपाखरू म्हणून मोकळा होतो. आणि हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा ‘ग्रीन मार्श हॉक’ काडीवर निवांत दिसला, तर त्याच्या तोंडात काय आहे ते पाहावं. बऱ्याचदा तो दुसरा चतुरच असतो.

रंगावर मात्र फार विसंबू नये. लालभडक ‘स्कार्लेट स्किमर’ कोवळा असताना पिवळा असतो, त्याची मादीही पिवळट. ‘क्रिमझन मार्श ग्लायडर’चा नर गुलाबी-किरमिजी, तर मादी सोनेरी-तपकिरी, नवरा-बायको एका घरातली वाटू नयेत इतका फरक. काही नरांच्या अंगावर वयाबरोबर निळसर भुकटी चढते. त्यामुळे जाणकार पंखाच्या बुडाशी डाग आहे का, टोकाजवळचा छोटा ठिपका कसा आहे, शेपटाच्या अगदी शेवटी काय आहे, हे आधी बघतात. ही सवय लावणाऱ्यांत फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांचं नाव अग्रभागी. पेशाने लष्करी डॉक्टर. 1933 ते 1936 या काळात त्यांनी इथल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. आजही एखादी जात अडली की अभ्यासक ते उघडतात.

खरं तर उडणारा चतुर म्हणजे त्या आयुष्याचा शेवटचा, छोटासा अध्याय. त्याचं बालपण सगळं पाण्याखाली जातं. तिथे तो मातकट, बोजड दिसणारा शिकारी असतो. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो पकडीसारखा पुढे झेपावतो. चतुराचं पिल्लू श्वास घेतं ते गुदद्वारातून आत घेतलेल्या पाण्यातून, आणि तेच पाणी जोराने मागे सोडून निसटतंही. कोष वगैरे भानगड नाही. वेळ आली की ते काडीवर चढतं, पाठ उकलते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. लव्हाळ्याला चिकटून राहिलेली ती पोकळ कात मिळाली, तर या पाण्यात चतुर नुसता आला नाही, इथेच वाढला, याचा पुरावा हाती आला.

सगळेच एका पाण्याला बांधलेले नसतात. पावसाळ्यात मैदानावर थव्याने घिरट्या घालणारा सोनेरी ‘वाँडरिंग ग्लायडर’ चार दिवसांच्या डबक्यावरही संसार मांडतो. पाणी आटायच्या आत, महिन्या-दीड महिन्यात, त्याची पिल्लं उडून जाऊ शकतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांना दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास हे चतुर तिथे उतरताना दिसत. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीतच. मग हे येतात कशाला? 2009 साली त्यांनी मांडलं की हे भारतातून निघून, उंचावरचे वारे धरून, समुद्रापार पूर्व आफ्रिकेत पावसामागे जातात, आणि जाण्यायेण्याचा फेरा पिढ्यापिढ्यांतून पुरा होतो. असा महासागर ओलांडणारा चतुरही चकचकीत मोटारीला फसतो. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश तो एका विशिष्ट खुणेने ओळखतो. गाडीच्या टपावर तीच खूण त्याला दिसते आणि मादी टपावर शेपूट टेकवत अंडी घालत राहते.

पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांच्या सुमारे दोनशे जाती आहेत आणि यादी अजून वाढते आहे. 2013 साली गोव्यातून ‘इडिऑनिक्स गोमांतकेन्सिस’ आला. 2022 साली सिंधुदुर्गातल्या चौकुळ गावाचं नाव ‘बर्मागोम्फस चौकुळेन्सिस’ला मिळालं. माणसांच्या रोजच्या वाटेवरच्या ओढ्यांवर शास्त्राला ठाऊक नसलेले जीव बसलेले असतात.

तरीही आपण तळ्याला हात लावतो तो ‘सुशोभीकरणा’साठी. गाळ काढतात, लव्हाळे उपटतात, काठाला दगड बसवतात, त्यावर कारंजं आणि बाकडी. पाणी तेवढंच राहतं, पण पिल्लाने चढायचं कशावर? टाचणीने अंडी खुपसायची कोणत्या देठात? वर्षभराने नव्या कठड्यावर ‘ग्रॅनाइट घोस्ट’ आणि सांडपाण्याच्या तोंडाशी ‘डिच ज्वेल’ एवढेच हजर असतात. तळ्याचा एक कोपरा लव्हाळ्या-चिखलासकट आहे तसा सोडा, एवढीच मागणी आहे, आणि तिला छदामही लागत नाही. अडचण इतकीच की ज्या कामाला खर्च नाही, त्याची निविदा निघत नाही.