तहानेवर वाढणारा चाफा

वसईतल्या सांडोरच्या वाडीत पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. केळ पिते, पानवेल पिते, अळू तर पाटात पाय सोडूनच बसलेलं. बावखलं, म्हणजे वाडीतली तळी, बुजत चालली, रहाट गेले, पंप आले, तरी सकाळी शिंपायची सवय हातातून गेलेली नाही. इथे चाफा लावायचा तर आधी तो हात आवरावा लागतो.

लागवडही उफराटीच. हात-दीड हात फांदी कापायची, पानं काढायची आणि लावायचीच नाही. पडवीच्या सावलीत आठ-दहा दिवस पडू द्यायची. चीक वाळून कापावर खपली धरली की मग माती. ओली खोचली तर बुडातून कुजते. जागा उंचवट्याची हवी. वसईचा पाऊस एकदा बसला की आठवडा-आठवडा उठत नाही. पावसाळ्यात पानांच्या पाठीला नारिंगी पूड दिसते, तो तांबेरा. ती पानं वेचून लांब टाकावीत, फवाऱ्याची घाई नको.

खरी परीक्षा नाताळात. पानं झडून नुसते राखाडी दांडके उरतात. त्यांवर चांदणी टांगली की तेवढीच शोभा. "मेलं का हो झाड?" पाहुणे विचारतात. मग घरातलं कोणी बादली उचलतं, कोणी कोयता. दोन्ही नकोत. फूल फांदीच्या शेंड्यालाच येतं. शेंडा छाटला की त्या उन्हाळ्याचा बहर गेला. फुललेला शेंडा तिथेच थांबतो आणि त्याच्या खालून दोन-तीन फाटे फुटतात. जुन्या चाफ्याखाली उभं राहून एका फांदीचे फाटे बुंध्यापासून मोजत गेलं, तर ती किती वेळा फुलली याचा अंदाज येतो. करवतीने 'आकार' देणाऱ्यांना हा हिशेब दिसत नाही, हे त्यांचं दुर्दैव.

झाड मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. पोर्तुगीजांनी आणलं म्हणतात. ते १७३९ साली वसई सोडून गेले; चाफा मात्र देवळाच्या आवारातही रमला आणि दफनभूमीतही, आणि त्याला परका म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही.

स्वतः तहानेवर राहणारं हे झाड पाहुण्यालाही काही पाजत नाही. फुलात मध नाहीच. रात्रीच्या वासाला भुलून पतंग येतात, सोंड घालतात आणि रिकामेच पुढच्या फुलाकडे जातात. त्या फेऱ्यांतून शेंग धरते, पण क्वचित. म्हणून बी शोधत बसू नये, होळीच्या सुमारास शेजाऱ्याकडे फांदीच मागावी. ती देताना त्याचा यंदाचा एक गुच्छ कमी होतो. तरी मी अजून कोणाला नाही म्हटलेलं नाही.